एकसष्टीचा वडाभात

मेहकरच्या मंगल कार्यालयात पूनमचं लग्न लागलं, अक्षता पडल्या, सगळं वऱ्हाड नवरा-नवरीकडे माना उंच करून बघायला लागलं, आणि नवरीची जिवलग मैत्रीण म्हणवणारी भार्गवी पाठक मागच्या दारानं भटारखान्यात शिरली. चोरी करायला नव्हे. म्हणजे... म्हटलं तर चोरीच.

वडिलांनी तिला बजावून पाठवलं होतं. मांडव पाहू नकोस, फुलं पाहू नकोस, भटारखाना पाहा. भालचंद्र पाठक बुलढाण्यात सरकारी कचेरीत जन्मभर कारकुनी करून निवृत्त झालेले. फाल्गुनात त्यांची एकसष्टी होती आणि गावातले निम्मे केटरर त्यांनी नापास केले होते. एकाच्या पुऱ्या तेलकट, दुसऱ्याच्या वरणात जीव नाही, असं ते चारचौघांत सांगायचे. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. केटरर ओट्यावर चढला की भालचंद्ररावांचा पहिला प्रश्न 'काय काय बनवता' हा नसायचाच. 'आडनाव काय?' हा असायचा. उत्तर ऐकलं की पुऱ्या तेलकट लागायच्या. न खाताच.

भार्गवीला हे कळत नव्हतं असं नाही. ती शाळेत पोरांना शिकवत होती, 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' हे रोज त्यांच्याकडून म्हणून घेत होती आणि घरी आल्यावर वडिलांच्या प्रश्नाच्या वेळी आत जाऊन चहा ठेवत होती. चहा ठेवणं फार सोयीचं असतं.

तर भटारखान्यात चुली धडधडत होत्या. वाफेनं पत्र्याला घाम सुटला होता. भार्गवीनं इकडं-तिकडं पाहिलं, एका पातेल्यावरचं झाकण पदरानं उचललं, वांग्याच्या भाजीत पळी बुडवली आणि थेट तोंडाला लावली.

"मॅडम, पंगत तिकडं बसते."

पाठीमागून आवाज आला. तिनं गडबडीनं घास गिळला, आणि मग घशापासून कानापर्यंत जो जाळ उठला त्यात तिला बोलताच येईना. डोळ्यांतून पाणी. समोर उभा असलेला तरुण हसत होता. बाह्या दुमडलेल्या, खांद्यावर पंचा, कपाळाला पीठ लागलेलं, आणि डोळे असे की माणसाला वाटावं, ह्यानं आपल्याला मघापासून पाहिलंय.

"तिखट आहे," ती कशीबशी म्हणाली.

"तिखट नाही, बरोबर आहे. तुमची जीभ शयरातली आहे."

"बुलढाणा शहर कधीपासून झालं?"

तो खळखळून हसला. मग डब्यातून गुळाचा खडा काढला, तळहातावर ठेवून तिच्यापुढं धरला. हातात नाही दिला... नुसता धरला. घ्यायचा तर तिनं उचलायचा. भार्गवीनं उचलला. बोटांची टोकं त्याच्या तळव्याला लागली. तळवा चुलीसारखा गरम होता. जिभेवर गूळ विरघळायला जेवढा वेळ लागतो त्याहून जरा जास्तच वेळ ते तसे उभे राहिले.

त्याचं नाव कुलदीप. टेम्पोवर 'रुख्मिणी केटरर्स, देऊळघाट' असं रंगवलेलं. रुख्मिणी कोण, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, "माय. दुसऱ्या कोनाच्या नावानं ठेवू मी दुकान?" आणि वर हेही सांगून टाकलं की अजून लग्न झालेलं नाही. हे तिनं विचारलं नव्हतं. पण ऐकून बरं वाटलं.

रविवारी त्यानं चव दाखवायला डबा घेऊन यायचं, असं ठरलं. नेहमीचे पदार्थ आणा आणि सोबत वडाभात आणा, असं तिनं सांगितलं. पाठकांच्या घरातलं कुठलंही कार्य वडाभाताशिवाय होत नाही. डाळी भिजवून, भरड वाटून वडे तळायचे, ते गरम भातावर कुस्करायचे, वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीची चुरचुरीत फोडणी. कुलदीपनं नाव ऐकलं होतं, केला कधी नव्हता. तरी तो म्हणाला, "करतो न. त्यात काय." असा हा माणूस. न येणारी गोष्टही येते म्हणून सांगणारा. पुढं सगळं रामायण ह्याच गुणानं झालं.

रविवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी, हातात चकचकीत डबा. भालचंद्रराव ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. भार्गवी दारात. आज ती चहा ठेवायला गेली नाही. कुलदीपनं खाली वाकून नमस्कार केला, नाव सांगितलं. भालचंद्ररावांनी चष्मा वर सरकवला, आणि भार्गवीला कळलं — आता येणार. तो प्रश्न आता ह्या माणसासमोर येणार. ज्यानं तळहातावर गूळ धरला होता, तो आता ऐकणार आपण कुठल्या घरातल्या आहोत ते. तिला वडिलांची इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की —

"आडनाव काय?"

"जोशी," भार्गवी म्हणाली.

कोणी विचारलं नव्हतं तिला. तोंडातून निघून गेलं. कुलदीपनं तिच्याकडे पाहिलं. एवढा बोलघेवडा माणूस, पण त्याच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीच नव्हतं. भिंत असते तसा.

"देऊळघाटला जोशी? कुठले जोशी?"

"मूळचे मेहकरकडचे ना तुम्ही?" भार्गवीनंच पुढं रेटलं. खोटं एकदा दारातून आत घेतलं की त्याला पाणी विचारावं लागतं, पाट द्यावा लागतो.

आणि कुलदीप चोपडे, देऊळघाटच्या भाजीवाल्या रुख्मिणीबाई चोपडेंचा एकुलता एक मुलगा, यानं मान हलवली. होकारार्थी. ऑर्डरसाठी हलवली की दारातल्या पोरीसाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

मग सगळं सोपं झालं. पुऱ्या खुसखुशीत लागल्या. वरणात जीव आला. वडाभाताचा पहिला घास भार्गवीनं तोंडातच धरला, कारण त्यात लसूण होता. भरपूर लसूण. पाठकांच्या वडाभातात लसूण! तिनं आईकडे पाहिलं. प्रतिमाताई खाली मान घालून जेवत होत्या. भालचंद्ररावांनी दोन घास चावले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हिंग जरा वेगळा आहे. पण उत्तम. आपल्या माणसाचा हात कळतो हो लगेच."

आडनावाची ताकद बघा. लसणाचा हिंग करते ती.

फाटकापर्यंत सोडायला गेली तेव्हा भार्गवी कुजबुजली, "लसूण नसतो घालायचा."

"जोशी नसतो घालत," कुलदीप म्हणाला. हसला नाही. टेम्पोत बसला आणि गेला.

दोन दिवस तिनं फोन हातात घेतला आणि ठेवला. तिसऱ्या दिवशी लावला तो वडाभात शिकवायच्या निमित्तानं. निमित्त चांगलं होतं, महिनाभर पुरलं. डाळी किती भिजवायच्या, वाटण किती भरड ठेवायचं, फोडणी कधी ओतायची... ती सांगायची आणि तो मुद्दाम चुकायचा, म्हणजे परत सांगावं लागे. "वडे कुस्करायचे हातानं का चमच्यानं?" "हातानं." "कोनाच्या?" असं काहीतरी. ती फोन ठेवायची नाही. तो 'मॅडम'वरून 'भार्गवी'वर आला, ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली, आणि हे कधी झालं ते दोघांनाही आठवत नाही.

पण ह्या गोडव्यात एक खडा होता, तो तिनंच टाकलेला. अधूनमधून कुलदीपला पाठकांच्या घरी यावं लागायचं. कधी ताटांची संख्या पक्की करायला, कधी मांडवाचं माप घ्यायला. येण्याआधी ती सांगायची, बाबांसमोर 'मले' म्हणू नकोस, 'मला' म्हण. 'पानी' नको, 'पाणी'. 'काऊन' तर अजिबात नको. हे ती प्रेमानं सांगायची, हसत सांगायची. तोही हसत ऐकायचा. ओट्यावर बसून तो मोजून-मापून बोलायला लागला की तिच्या छातीत काहीतरी टोचायचं. भटारखान्यातला तो माणूस, ज्याच्या बोलण्याला तिखट-मीठ होतं, तो ओट्यावर आळणी व्हायचा. आळणी कुणी केलं? तिनंच. तिला हे कळत होतं. कळून ती पुन्हा सांगत होती — 'मला' म्हण.

एकदा शाळा सुटल्यावर तो तिला टेम्पोतून देऊळघाटच्या रस्त्याला घेऊन गेला. मळ्यात काढून ठेवलेला फ्लॉवर आणायचा होता. क्रेट भरून परत निघाले तोच गावाच्या अलीकडे आभाळ भरून आलं आणि अवकाळीच्या टपोऱ्या थेंबांनी दोघांना गाठलं. माल भिजू नये म्हणून कुलदीप उडी मारून मागं गेला, ताडपत्री ओढायला लागला. तीही उतरली, दुसरं टोक धरलं. मग वाराच असा सुटला की दोघंही ताडपत्रीच्या आतच राहिले, फ्लॉवरच्या क्रेटांमध्ये अंग चोरून. वर थेंब ताड ताड वाजत होते. आत भाजीचा हिरवा, ओला वास. तिच्या केसातून पाणी गालावर उतरत होतं आणि तो ते पाहत होता, पुसत नव्हता.

"पाहतोस काय?"

"पाहून राह्यलो... जोशीन बाई कशी दिसते भिजल्यावर."

ती हसली. मग शब्द कुठं लागला ते दोघांनाही कळलं.

"घरी चाल," तो हळूच म्हणाला. "इथूनच दोन शेतं टाकून घर आहे. माय चहा करते. तिले सांगतलं मी तुह्याबद्दल."

भार्गवी रस्त्याकडे बघायला लागली. रस्त्यानं कुणी बुलढाण्याचं जात नाही ना, कुणी ओळखीचं... हे तिनं आधी पाहिलं. मग म्हणाली, "नंतर. एकसष्टी होऊ दे."

तिनं आधी रस्त्याकडे बघितलं, हे त्यानं पाहिलं. ताडपत्रीची गाठ मारली, एकदा मारली, सोडली, पुन्हा मारली.

इकडं घरात वेगळंच शिजत होतं. भालचंद्ररावांना जोशांचा मुलगा आवडला. कामाचा आहे, म्हणाले, नोकरीच्या मागं न लागता स्वतःचं उभं केलंय, वागायला नम्र आहे. गोत्र कोणतं म्हणून त्यांनी त्याला विचारलंही होतं, आणि भार्गवीनं पढवून ठेवल्याप्रमाणे त्यानं वसिष्ठ सांगितलं होतं. पाठकांचं भारद्वाज. भालचंद्ररावांचे डोळे चमकले होते. पुण्याला असलेल्या मुलाला, सोहमला, त्यांनी फोन करून सांगितलं, भार्गवीसाठी एक स्थळ डोळ्यासमोर आहे. सोहम म्हणाला, केटरर? भालचंद्रराव म्हणाले, अरे आपल्यातला आहे.

मुलीच्या बापानं आपण होऊन तिच्या मनातला मुलगा पसंत करावा, याहून मोठं सुख कुठलं? भार्गवीनं ते आतल्या खोलीत ऐकलं आणि ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. कारण वडिलांनी पसंत केलेला मुलगा जगात नव्हताच. तो तिनं ओट्यावर उभ्या उभ्या बनवला होता. आणि जो जगात होता, त्याला तिनं स्वतःच फाटकाबाहेर ठेवलं होतं.

तिनं कुलदीपला सांगितलं तेव्हा तो आधी फोनवर हसला. पोट धरून हसला. मग हसता हसता थांबला.

"आपन सांगून टाकू," तो म्हणाला. "आजच सांगू. काय करतीन? ऑर्डर कॅन्सल करतीन. करू दे."

"नाही रे. पाहुण्यांना आमंत्रणं गेलीत. बाबांचा तो एक दिवस आहे. एकसष्टी होऊ दे, मग मी सांगते. शप्पथ."

मग भार्गवीनं, ज्या गोष्टीची तिला पुढं जन्मभर लाज वाटणार होती, ती गोष्ट मागितली.

"आणि... त्या दिवशी आईंना आणू नकोस."

"तिच्या नावावर दुकान आहे, भार्गवी."

"माहीत आहे."

"बरं," तो म्हणाला. त्या 'बरं'त काय होतं हे ज्याला कळलं नाही त्यानं प्रेम केलेलं नाही. भार्गवीला कळलं. तरी तिनं 'थँक्यू' म्हटलं.

एकसष्टीच्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं. होम झाला, शांत झाली, बायकांनी दिव्यांचं तबक घेऊन भालचंद्ररावांना ओवाळलं. नवं धोतर, कपाळाला कुंकू, डोळे पाणावलेले. वाईट माणूस नव्हता तो. हेच तर वाईट असतं. ही माणसं वाईट नसतात. मुलीला ताप आला की रात्रभर उशाशी बसतात, गल्लीतल्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेतात आणि ओट्यावर बसून आडनाव विचारतात.

भार्गवी मागच्या अंगाला भटारखान्याकडे गेली आणि जागच्या जागी थांबली. चुलीपुढं एक बाई बसली होती. नऊवारीचा काचा, कपाळावर मोठं कुंकू, उन्हानं रापलेले दंड, हातात झारा. कढईत वडे सोडत होती आणि पोरांना दम भरत होती. शेजारी कुलदीप उभा. भार्गवीला पाहून तो जवळ आला, आणि डोळ्यांत न पाहता म्हणाला, "वडेवाल्या बाईले ताप आला सकाळी. माय मनली मी येतो. मी 'नाही' मनलो नाही. मले मनताच नाही आलं."

'मले' म्हणाला तो. भार्गवीनं दुरुस्त केलं नाही.

पंगत बसली. पत्रावळींवर वडाभात पडला, वरून फोडणी ओतली गेली, आणि मांडवभर तो चुर्र वास पसरला. लसूण नव्हता. पहिल्या घासाला मांडव शांत झाला. मग सुरू झालं. वा. अगदी घरचा. कुणीतरी म्हणालं, अशी चव बाहेरच्या हाताला येतच नाही. भालचंद्ररावांचे चुलतभाऊ भगवंतराव, ज्यांना कुठल्याही कार्यात माइक लागतो, त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, हात धुतले आणि माइक उचलला.

आजचं हे अन्न ज्यांच्या हातून झालं त्यांचा सत्कार करायची भालचंद्राची इच्छा आहे, असं ते म्हणाले. आजकाल कोण कुठला स्वयंपाकाला येतो ते कळत नाही, पण आज आपल्याला आपलाच माणूस मिळाला. "श्रीयुत कुलदीप जोशी यांनी स्टेजवर यावं."

भार्गवीच्या हातात तबक दिलं गेलं. तबकात शाल आणि नारळ. भालचंद्रराव हसत उठले. टाळ्या पडल्या.

कुलदीप हात पुसत मांडवाच्या कडेनं आला. आणि टाळ्या थांबल्या त्या पोकळीत, मागून, भटारखान्याच्या दारातून, झारा हातात घेऊन कौतुकानं बघायला आलेल्या रुख्मिणीबाईंचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्या शेजारच्या वाढप्याला विचारत होत्या, साधं, सरळ.

"हा कोन रे बाप्पा, जोशी?"

जवळपासचे दोघे-चौघे हसले. वाढप्या खाली बघायला लागला. बाईनं वाढप्याकडे पाहिलं, मग स्टेजच्या पायरीशी थबकलेल्या आपल्या मुलाच्या पाठीकडे पाहिलं. आणि भार्गवीनं त्या चेहऱ्यावर ते उमटताना पाहिलं. राग नाही आला त्यावर. राग परवडला असता. त्या बाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि दोन पावलं मागं सरकली, दाराच्या आत. आपलं असणं इथं चूक आहे असं समजून. मुलाचं काम बिघडू नये म्हणून.

कुलदीपचा पाय पायरीवर होता. वरही जाईना, खालीही येईना.

भार्गवीनं तबक टेबलावर ठेवलं. नारळ गडगडला, तिनं तो अडवला नाही. माइक भगवंतरावांच्याच हातात होता, तिनं घेतला नाही. तिला लागला नाही.

"बाबा, हे जोशी नाहीत. चोपडे आहेत. कुलदीप चोपडे. देऊळघाटला ह्यांचा भाजीचा मळा आहे. जोशी मी केलं यांना, तुमच्यासमोर, ओट्यावर. दारात आहेत त्या यांच्या आई. वडे त्यांनी तळलेत. त्यांना आज आणू नकोस, असं मी सांगितलं होतं."

आवाज फुटला. तिनं तो तसाच पुढं नेला.

"मला हे आवडतात. आवडतात म्हणून खोटं बोलले असं मी स्वतःला सांगत होते. तसं नाही. आधी मला तुमची लाज वाटली, बाबा. मग ह्यांची वाटायला लागली. आता माझी वाटते."

मांडवात पाणी वाढणाराही थांबला. मग कुलदीप बोलला, पायरीवरूनच, मोठ्यानं, आणि त्याच्या स्वतःच्या बोलीत.

"एकट्या पोरीवर नका टाकू. मान म्या बी हालवली होती. मायच्या नावावर पोट भरतो अन् मान हालवली." मग तो वळला. "थांबले काऊन बे? मठ्ठा फिरवा."

दोन-तीन माणसं उठली. एका मावशींनी पत्रावळीवर आडवा हात धरला, आता काही नको म्हणून. बाकीचे खाली मान घालून जेवत राहिले. कुणाचा धर्म मोडला, कुणाचा मान राहिला याची चर्चा नंतर करता येणार होती, वडाभात गार झाला असता. भालचंद्रराव तबकातली शाल हातात घेऊन उभे होते. कुणाच्या खांद्यावर घालायची ते त्यांना सुचत नव्हतं. मग ते खुर्चीत बसले आणि शाल मांडीवर घेतली, थंडी वाजल्यासारखी. त्यांच्यासमोर त्यांचं ताट होतं. त्यांनी ते ढकललं नाही. खाल्लंही नाही.

पाहुणे पांगले. मांडवात उन्हाचे कवडसे आणि उष्ट्या पत्रावळी राहिल्या. मागच्या अंगणात शेवटची पंगत बसली. ती वाढप्यांची, भांडीवाल्या बायांची असते. ज्यांनी सगळ्यांना वाढलं ते सगळ्यांच्या नंतर जेवतात. ह्या पंगतीला पाठकांच्या घरातलं कुणी आजवर बसलेलं नव्हतं.

भार्गवी आली. एका टोकाला रुख्मिणीबाई बसल्या होत्या, त्यांच्याजवळ जागा होती. तिनं बसू का म्हणून विचारलं नाही. विचारण्याचा हक्क तिला वाटत नव्हता, आणि उभं राहण्याचंही बळ नव्हतं. बसली. मांडी घालून, मातीत, पैठणीसकट.

बाईंनी तिच्याकडे पाहिलंच नाही. भात कालवत राहिल्या. मग, घास हातात धरून, त्यांनी विचारलं.

"नाव काय तुह्यं?"

"भार्गवी पाठक."

"आडनाव नाही इचारलं म्या."

भार्गवीनं मान खाली घातली. टपकन् एक थेंब पत्रावळीवर पडला, मग दुसरा. कुणाच्या तरी डोळ्यांसमोर असं बिनआवाजाचं रडायची तिची ही पहिलीच वेळ.

बाईंनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग डाव्या हातानं वड्यांची परात पुढं ओढली आणि एक वडा तिच्या पानावर टाकला. "खाय. मीठ पडते भातात."

तेवढ्यात मागून पाऊल वाजलं. प्रतिमाताई होत्या. हातात तुपाचं भांडं. त्या रुख्मिणीबाईंसमोर वाकल्या, त्यांच्या भातावर तूप वाढलं, मग शेजारच्या वाढप्याच्या, मग भार्गवीच्या. तिच्याजवळ क्षणभर थांबल्या.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लसणावरून. गप्प बसले. माझंही तेच चहा ठेवणं." आणि पुढच्या पानाकडे गेल्या. भांड्यातलं तूप शेवटच्या पानापर्यंत पुरलं.

कुलदीप सगळ्यात शेवटी आला. पंचानं तोंड पुसत, आपलं पान घेऊन. बसायला जागा कुठं आहे ते त्यानं पाहिलं. आईच्या पलीकडे होती, भार्गवीच्या शेजारीही होती. तो उभाच राहिला.

"रागावलायस?" तिनं विचारलं.

"हाव."

"किती?"

"लय." तो खाली बसला. तिच्या शेजारी. दोघांत एक हाताचं अंतर ठेवून. "तुह्यावर कमी. माह्यावर जास्त. उतरायले टाइम लागन."

"मी थांबते."

"कुठं? ओट्यावर का रस्त्यावर?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. सगळ्या पंगतीसमोर, सगळ्या उजेडात. मघाशी माइक न घेता जे बोलली होती त्यापेक्षा हे अवघड होतं, कारण इथं खोटं बोलायला जागाच नव्हती.

"तुझ्या घरी येते उद्या. दिवसाढवळ्या, बसनं. आईंनी चहा दिला तर पिऊन जाईन. नाही दिला तर अंगणात बसून राहीन."

"चहा मी देईन न देईन," रुख्मिणीबाई पानातून मान न काढता म्हणाल्या, "फ्लॉवर काढायचा आहे उद्या. येते का तुले?"

"नाही येत."

"शिकशीन."

कुलदीप हसला नाही. पण ओठाचा एक कोपरा, तो भटारखान्यातला, जरासा हलला. भार्गवीनं वडा भातावर कुस्करला, हातानं. पहिलाच घास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रुख्मिणीबाईंनी स्वतःच्या माणसांसाठी वेगळी फोडणी ओतली होती. लसणाची, लाल मिरचीची, बरोबर तिखट. कान गरम झाले, नाक वाहायला लागलं. तिनं पाणी मागितलं नाही. घास गिळला आणि दुसरा उचलला.

दूर मांडवात भालचंद्रराव अजून तसेच खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल, समोर ताट. ते इकडंच बघत होते. किती वेळ बघत होते, कोण जाणे.

कुलदीपनं खिशात हात घातला. कागदाची पुडी सोडली, त्यातून गुळाचा खडा काढला. ह्या वेळी तळहातावर धरला नाही. तिच्या पानाच्या कडेला ठेवला, मिठाच्या शेजारी, जिथं आपल्या माणसाला वाढतात.

"मले वाटलंच होतं," तो म्हणाला. "लागन म्हनून."